अळणी पेज

धर्माजीला आता आडवे होता येत नव्हते. आडवा झाला की छातीत पाणी चढल्यासारखा श्वास कोंडे; म्हणून तीन दिवस तो कुडाच्या भिंतीला पाठ टेकून बसूनच डुलक्या घेत होता. मनुबाईने नवऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबला. मिठागराच्या ओल्या गाळात पाऊल रुतावे तसा खळगा पडला आणि तसाच राहिला.

सूज वाढली होती, आणि का ते तिला ठाऊक होते.

सोमवारी अलिबागेहून आलेल्या डॉक्टर रणदिव्यांनी मीठ बंद करून रोज दहा थेंब औषध सुरू केले होते. पण मनुबाईच्या समाजात अळणी अन्न शिजे ते फक्त मयत झालेल्या घरात, सुतक फिटेपर्यंत. जित्या नवऱ्यापुढे तिने पहिली अळणी पेज कशीबशी ठेवली. दुसऱ्या वेळी बोटे आपसूक मिठाच्या बरणीकडे वळली. चिमूटभरच, असे ती दर खेपेला मनाशी म्हणे.

दुपारी डॉक्टर आले. छातीला नळी लावून ते बराच वेळ ऐकत राहिले.

"काळीज म्हणजे मांसाची मूठ, धर्माजी. तिचे तंतू एकदम आखडतात, मूठ आवळते, रक्त पुढे जातं. तुझे तंतू ताणून सैल पडलेत. पुढे न गेलेलं मागे तुंबतं."

"म्हंजी बांधातल्या उघाडीचं दार बिघडलं म्हना," धर्माजी धापा टाकीत म्हणाला. "खाडीत पानी जाईना नि शेत बुडलं."

"नेमकं तेच."

"मंग नवी फळी बसवा."

"ती बाजारात मिळत नाही रे." डॉक्टरांनी औषधाची बाटली उचलली. "पथ्य पाळूनही सूज वाढते, म्हणजे दहा थेंब पुरत नाहीत. वीस देतो. यात धोका आहे. जास्त झालं तर ठोके मंदावत थांबतातही. पण दुसरा इलाज नाही."

वाटीत थेंब पडू लागले. नऊ. दहा. मनुबाईची नजर चुलीमागच्या बरणीवर खिळली. अकरा. बारा.

"डाक्तर, थांबा. मीठ घातलं मी. रोज पेजेत."

डॉक्टरांचा हात थबकला. धर्माजीने हळूच मान वळवली.

"का गो?"

"जित्या मानसाला अळणी कसं वाढू?"

डॉक्टरांनी वाटी अंगणात रिती केली आणि पुन्हा दहाच थेंब मोजले. "मिठाची बरणी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवा. चार दिवसांनी येतो. उतार पडेल का, ते आज सांगता येत नाही."

दिवेलागणीला तिने दोन वाट्यांत पेज ओतली. धर्माजीने घोट घेऊन तोंड वाकडे केले.

"आताच दहावा करतीस का माजा?"

"माजी पन अळणीच हाय. गप प्या."

त्याने तिच्या वाटीत बोट बुडवून चाखले. मग आपली वाटी संपवली.

मनुबाईने पुन्हा त्याच्या नडगीवर अंगठा दाबला, काढला, आणि तो खळगा भरून येण्याची वाट पाहत बसली.