ठेक्याची बाजू

स्टेजवर बारा स्पीकर, दोन टर्नटेबल आणि एक माइक होता. हॉलमध्ये एकेचाळीस माणसं, त्यांतली नऊ खुर्च्यांवर. इंग्लंडमधल्या हडर्सफील्डची रविवारची दुपार, चार वाजून पाच मिनिटं.

हायसिंथ आंटी माइकपाशी गेली. बसडेपोच्या कँटीनमध्ये सव्वीस वर्षं आणि या साउंड सिस्टिमच्या माइकवर छत्तीस. मार्चमध्ये तिच्या गळ्यातली गाठ काढली. तेव्हापासून वरचे सूर गेले होते.

"हायसिंथ, तुझी जुनी रेकॉर्ड लावतो," साउंडचा मालक ग्लेनरॉय कुजबुजला. "तू नुसते ओठ हलव. कोणाला कळतंय?"

"मला कळेल ना, मेल्या! ठेक्याची बाजू लाव."

त्यानं रेकॉर्ड उलटली. या बाजूला गाणारा नसतो, फक्त बेस आणि ड्रम. त्यावर डीजेनं, म्हणजे आमच्यात माइकवर उभं राहणाऱ्यानं, स्वतःचे शब्द जुळवून म्हणायचे. आंटीनं सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला.

ग्लेनरॉयनं झटकन सुई उचलली. "वा! पुन्हा पहिल्यापासून!"

शब्द आवडले की आमचे जमैकन लोक भिंतीवर थापा मारतात, तेव्हाच रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावायची असते. तो मान लोकांनी द्यायचा.

"ग्लेन, भिंत कोणी वाजवली?"

"अगं, तुला जरा दम खायला..."

"भिंत कोणी वाजवली, विचारतेय मी."

"कोणी नाही."

"मग दया आली होय? ती घरी ने, बायकोला दे." पुढची माणसं हसली. "जिथून उचललीस तिथंच ठेव सुई."

मी पाण्याची बाटली पुढं केली. "आंटी, डॉक्टर म्हणाले होते..."

"तू बस गं, भाचीबाई."

सुई टेकली. या वेळी तिनं वरचा सूर धरलाच नाही. खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखं, तिनं पहाटेची कँटीन सांगितली, थंडीत कुडकुडणारे ड्रायव्हर, आणि सव्वीस वर्षं तिला चुकीच्या नावानं हाक मारणारा साहेब. आवाज खरखरत होता, पण एकही शब्द ठेक्यावरून घसरला नाही.

माझा मोबाइल सगळं टिपत होता. घरी जाऊन मोजलं. दोन मिनिटं एकतीस सेकंदांनी मागच्या भिंतीवर एक थाप पडली. पुढच्या सात सेकंदांत आणखी चौदा.