हाक तोंडानेच मारायची

जिभेवर गंजाची चव. इथलं पाणी प्यायलं की दुपारपर्यंत जात नाही.

औषधाच्या दुकानाच्या काचेत नुसत्या काठ्या. वाकड्या मुठीच्या, सरळ मुठीच्या, एक अगदी लहान मुलाच्या मापाची.

अबोल्यात जी आधी बोलेल, तिने दुसऱ्या दिवशी दोघींच्या सॅक वाहायच्या. नियम नववीतला. तेव्हा सॅकऐवजी दप्तरं होती.

डाव्या टाचेला फोड.

घड्याळात सात मिनिटांची वाळू.

‘‘आत एक, बाहेर एक. एकटीला आम्ही सोडत नाही,’’ स्नानगृहातल्या बाई म्हणाल्या.

*

तर झालं असं की, शाळेपासून त्या दोघींना गोगलगाय आणि भिंगरी म्हणत. गोगलगाय विचार करून पाऊल टाकायची. भिंगरी पाऊल टाकून मग विचार करायची, तोही जमला तर. सॅक पाठीला लावून हिंडायला निघाल्याचा हा अकरावा दिवस. नकाशावर माशीने घाण केल्याएवढा ठिपका असलेलं हे गरम झऱ्यांचं गाव भिंगरीनेच शोधलं. तीन दिवसांपासून तिची कंबर धरली होती आणि या पाण्याने ती मोकळी होते, असं तिने कुठंतरी वाचलं होतं. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत शिरल्या शिरल्या दोघींचं वाजलं. तेव्हापासून अबोला.

सकाळी दहाला त्या स्नानगृहाकडे निघाल्या. पुढे भिंगरी, वीस पावलं मागे गोगलगाय. रस्त्यावरच्या बाकांची तोंडं भिंतीकडे होती. भिंतीतल्या जाळ्यांतून वाफ येत होती आणि म्हातारी माणसं ती छातीत ओढत बसली होती. दोघी मागून गेल्या, एकानेही मान वळवली नाही. सगळीकडे सडक्या अंड्यांचा वास. स्नानगृहाच्या दालनात आणखी काठ्या टांगलेल्या, वर पाटी: ‘बरे होऊन गेलेल्यांच्या’. गेलेल्यांच्या हे खरं, पण बरे होऊन कशावरून, असं गोगलगायीच्या अगदी ओठांवर आलं. भिंगरी यावर पोट धरून हसली असती. पण सॅक बारा किलोची होती.

आतलं सगळं बघणाऱ्या बाईंना तिथे मावशी म्हणत.

‘‘मावशी, तिला सांगा, टॉवेल तिच्याकडे आहे,’’ भिंगरी म्हणाली.

‘‘मावशी, तिला सांगा, तो तिच्याच खांद्यावर आहे.’’

‘‘मी काय तुमची पोस्टमन आहे?’’ मावशी करवादल्या. मग गोगलगायीला दाराबाहेरच्या स्टुलावर बसवून त्यांनी वाळूचं घड्याळ तिच्या हातात दिलं. ‘‘वाळू संपली की उलटं करायचं आणि हाक मारायची. आतून ओ आलीच पाहिजे. नाही आली तर हा दोर ओढायचा, आम्ही येतो. पाण्याबरोबर वायू वर येतो, माणसाला गुंगी चढते, कळतसुद्धा नाही. हाक तोंडानेच मारायची. ठोकाठोकी चालणार नाही.’’

‘‘कळलं.’’

भिंगरीने जाता जाता जीभ काढून दाखवली. दार लागलं. मावशी पलीकडच्या खोल्यांकडे गेल्या.

*

वाळू संपली.

हाक मारायची म्हणजे बोलायचं. बोलायचं म्हणजे हरायचं. गोगलगायीने विचार केला, नेहमीसारखा नीट, आणि खोलीची किल्ली काढून दारावर तीनदा ठोकलं.

आतून टक् टक् टक्.

म्हणजे भिंगरीलाही हरायचं नव्हतं. छान.

*

दुसऱ्यांदा ठोकलं. उत्तर जरा उशिरा आलं, तेही दोनच. आळस चढलाय बाईसाहेबांना, गोगलगाय मनात म्हणाली आणि टाचेचा फोड बघत बसली.

*

तिसऱ्यांदा ठोकलं तर आतून पाच आले, भराभरा, चिडवल्यासारखे. गोगलगायीला हसू फुटलं. तिने हाताने तोंड दाबलं. संध्याकाळपर्यंत हे मिटणार, असं तिला वाटलं. कदाचित जेवतानाच.

*

टक्.

अजून निम्मी वाळू वर होती. हातातली किल्ली तिने दाराकडे नेलीही नव्हती.

टक् टक्.

दाराखालून वाफ येत होती. पाण्याचा आवाज नव्हता. कूस बदलल्याचा, खोकल्याचा, कशाचाच नव्हता. गोगलगाय उभी राहिली.

‘‘भिंगरे.’’

टक्.

‘‘भिंगरे, मी बोलले! मी हरले, सॅक मी घेते, ओ दे!’’

टक् टक् टक्.

तिने दोर ओढला.

*

दोन बायकांनी भिंगरीला बाहेर आणून फरशीवर आडवं केलं. ओठ जांभळे, बोटांची टोकं सुरकुतलेली. स्नानगृहाचे डॉक्टर गुडघ्यांवर बसून तिची छाती दाबू लागले. वर न बघताच त्यांनी विचारलं, ‘‘शेवटची ओ कधी दिली?’’

मावशींनी गोगलगायीकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या किल्लीकडे.

‘‘ती उत्तर देत होती,’’ गोगलगाय म्हणाली. ‘‘शपथ. आत्ता, आत्तापर्यंत.’’

उघड्या दारातून गरम पाण्याचं कुंड दिसत होतं, त्यात आता कुणी नव्हतं. पलीकडच्या भिंतीच्या आत कुणीतरी ठोकलं. टक्. टक् टक्.

‘‘तो भिंतीतला नळ आहे, पोरी,’’ मावशी म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘‘पाणी तापलं की ठोकतो. दिवसभर ठोकतो.’’

‘‘किती वेळ झाला, ते सांगा मला,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘तिचा आवाज शेवटचा कधी ऐकलात?’’

गोगलगायीने खूप आठवून पाहिलं. ‘‘माझ्याशी नाही बोलली ती. शेवटचं मावशींशी बोलली. टॉवेलचं.’’

डॉक्टर आणखी बराच वेळ दाबत राहिले. मग त्यांनी हात काढून घेतले आणि एका बाईने तो टॉवेल उलगडून भिंगरीवर घातला.

भांडण खिडकीजवळचा पलंग कुणी घ्यायचा यावरून झालं होतं.