नववा प्रश्न

"तंबाकू? अगं बया! आमच्यात बायका तंबाकूला शिवत न्हाईत," उंबऱ्यात बसलेल्या तानाबाई ठसक्यात म्हणाल्या आणि डाव्या तळहातावरची काळी पूड बोटावर घेऊन त्यांनी खालच्या दातांवरून फिरवली.

शमशादनं नवव्या प्रश्नापुढं 'नाही'च्या चौकटीत खूण केली. दहावा प्रश्न वाचायला तिनं तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली.

शहात्तर सालची गोष्ट. शिवाजी पेठेत घरोघरी आरोग्याची पाहणी चालली होती. पुण्याहून छापून आलेली अडतीस प्रश्नांची प्रश्नावली. व्यायाम किती, झोप किती, पालेभाजी खाता का, व्यसन आहे का. चांगल्या सवयीला गुण, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे त्या माणसाची निरोगी राहणी. तात्पुरत्या ऑर्डरवर घेतलेली शमशाद दोन महिने हे फॉर्म भरत होती. व्यायामाचा प्रश्न आला की बायका हसायच्या. "व्यायाम तालमीतली पोरं करत्यात. आमी नळावनं धा घागरी आणतो, त्येला काय म्हणायचं त्ये तूच ठरीव," असं सुनवायच्या. पण तिला कुणी दारातून परत पाठवलं नव्हतं. ती न घाई करता विचारायची आणि उत्तर संपेपर्यंत ऐकायची.

"मावशी, ही काय?" तिनं तळहाताकडं बोट दाखवलं.

"ही व्हय? मिसरी."

"कशाची करता?"

"कशाची म्हंजे? तंबाकूचीच की! तव्यावर जाळायची आन् कुटायची. तू काय इलायतेतनं आलीस?"

"मग आत्ता तंबाखूचं इचारलं तर न्हाय म्हणालासा?"

तानाबाईंनी तिच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "तंबाकू खात्यात, पोरी. मिसरी लावत्यात."

शमशादनं नकळत दातांवरून जीभ फिरवली. सकाळी लावलेल्या मिश्रीची चव तिच्याही तोंडात अजून होती. लग्नानंतर दाढ दुखायला लागली तेव्हा सासूनं, हुसेनबीनं, चिमूटभर हातावर ठेवली होती. त्याला एकोणीस वर्षं झाली. कामावर घेताना प्रत्येकीला सरावासाठी स्वतःचा फॉर्म भरायला लावला होता. तिनंही नवव्या प्रश्नाला 'नाही' लिहिलं होतं, आणि लिहिताना आपण खोटं बोलतोय असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती इंगवलेसाहेबांसमोर उभी राहिली. पाहणीचं इथलं सगळं काम त्यांच्या हाताखाली चालायचं.

"छापलंय तेवढं इचारायचं," साहेब म्हणाले. "बायका खोटं बोलल्या तर तुझा काय दोष?"

"त्या खोटं बोलत न्हाईत, साहेब. आपला प्रश्नच चुकलाय."

"किती फॉर्म झालं तुझं?"

"दोनशे चौदा."

"आन् ते समदे चुकलं असं लिहून देणार तू? तुझी ऑर्डर महिनाअखेर संपतीया, ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात नसायला काय झालं! तिचा नवरा इलाही गवंडीकाम करायचा. पावसाळ्याचे चार महिने घर तिच्याच जिवावर चालायचं. तरी तिनं तिथंच कागद मागून घेतला. माझे सर्व फॉर्म पुन्हा तपासावे लागतील, असं लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली : 'पहिला चुकीचा फॉर्म माझा स्वतःचा आहे.' साहेबांनी तो वाचला आणि खणात टाकला.

सकाळी नवी घरं आणि चारनंतर जुनी, असा तिचा क्रम सुरू झाला. जुन्या घरी ती एवढंच विचारायची, "दात कशानं घासता?" कुणी हसत सांगितलं. कुणी भडकलं, "दिल्यालं गुण परत काढून घ्यायला आलीस व्हय गं?" ती उभ्याउभ्या ऐकून घ्यायची आणि मग पुन्हा विचारायची. तेवीस दिवसांत तिनं दोनशे चौदा उंबरे दुसऱ्यांदा झिजवले. त्यातल्या एकशे एकतीस घरांत मिश्री निघाली.

एकसष्टावं घर आक्काचं. एकटी बाई, पापड लाटून पोट भरणारी, आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा.

"मिसरीच लावतो की. पर आता झोंबती बघ," आक्का म्हणाली. "मिसरीच न्हवं, चटणीबी झोंबती. आट म्हैनं झालं, नुसता दहीभात गिळतोय."

शमशादनं तिचा जुना फॉर्म काढला. 'तिखट कमी खाता का?' या प्रश्नाला आक्कानं 'व्हय' म्हटलं होतं आणि त्याचे दोन गुण शमशादनंच दिले होते.

"आक्का, उजेडात या. तोंड उघडा."

गालाच्या आत रुपयाएवढा पांढरा चट्टा होता, मधोमध चिरलेला.

दवाखान्यात चला म्हटलं तर आक्का हलायला तयार नव्हती. "पापडाचं पीठ मळल्यालं हाय," म्हणाली. शमशादनं पदर खोचला, दोन तास बसून पापड लाटले आणि दुसऱ्या दिवशी काम बुडवून तिला दवाखान्यात नेलं. तिथून कॅन्सरच्या संशयानं मिरजेला पाठवलं. ऑपरेशन झालं. आक्काचा डावा गाल आत गेला, आवाज घोगरा झाला, पण ती वाचली.

महिनाअखेरीला पुण्याच्या डॉक्टरीणबाई कामाची तपासणी करायला आल्या. इंगवलेसाहेबांनी आपण होऊन खण उघडला आणि तो कागद त्यांच्यापुढं ठेवला. बाईंनी दोनदा वाचला. नवव्या प्रश्नात 'तंबाखू खाता का?' आणि 'मिश्री लावता का?' असे दोन प्रश्न झाले, सगळे फॉर्म नव्यानं छापले गेले. शमशादची ऑर्डरही वाढली.

त्या दिवशी घरी जाऊन तिनं मिश्रीचा डबा चुलीत रिकामा केला. अकरा दिवस काढले. डोकं फुटायची वेळ आली, दाढा ठणकायला लागल्या, पोरांवर हात उठायला लागला. बाराव्या दिवशी तिनं पुन्हा तवा ठेवला. पुढच्या तीन वर्षांत तिनं आणखी दोनदा सोडून बघितलं. सुटली नाही.

एकोणऐंशी साली पाहणीची दुसरी फेरी निघाली. यादीत शमशादचंही घर आलं. आपलं घर आपण भरायचं नाही असा नियम होता, म्हणून ताजबी आली. प्रश्न कसा विचारायचा हे ताजबीला शमशादनंच शिकवलं होतं. आठ प्रश्न भराभर झाले. नवव्यातल्या मिश्रीवर ताजबीचं पेन अडलं.

"आपा, 'न्हाय' लिवू न्हवं?"

"लावते. दिवसातनं दोनदा."

"आपा, हे ऑफिसात समदी वाचत्यात. इंगवलेसाहेबबी. मिसरी सोडा म्हणून इतक्या बायकांस्नी तुमी समजावून सांगितलंसा..."

"वाचू देत."

ताजबीनं फॉर्म जवळ ओढला. मग तिनं 'होय'च्या चौकटीत अगदी बारीक, दिसेल न दिसेल अशी खूण केली.

"जरा ठळक कर," शमशाद म्हणाली. ताजबीनं पेन पुन्हा फिरवेपर्यंत ती थांबली. मग हात मांडीवर घेऊन ताठ बसली.

"हां. आता पुढचा इचार."