पूल काय मागत होता

उंच, थंड पठारावरच्या एल आल्तो शहरात शाळेसमोरचा नवा पादचारी पूल सकाळी बोलायचा. कोवळं ऊन पडलं की कठड्यातून कट्... कट्... असा आवाज येई आणि सिमेंटच्या खपल्या गळत. मुलं त्यावर पाऊल टाकायला धजत नसत.

"त्याला माणूस हवाय," मुकादम एलिओदोरो म्हणे. "पायाभरणीत लामा जनावराचं पिल्लू पुरलं, दारू शिंपडली. भागलं नाही त्याचं."

पुलाखाली एक दारुडा झोपू लागला होता. तिथली डबकी पहाटे गोठलेली असत. तरी त्याला कुणी उठवत नव्हतं, घोंगडी देत नव्हतं. येणारेजाणारे क्षणभर बघत, 'भागेल पुलाचं' असं मनाशी म्हणत आणि पुढे जात.

पुलाच्या काँक्रीटच्या मिश्रणाचा हिशोब इंजिनिअर लिडियाचा. तिने आपल्या वृद्ध गुरुजींना, सगळे आदराने डॉन म्हणत त्या फ्रोइलानना, बोलावून आणलं.

"काँक्रीटमध्ये हवा किती?"

"शंभरात सहा भाग धरलीय, गुरुजी."

"धरलीस की मोजलीस?"

लिडियाने मोजली नव्हती. आकडा खालच्या, उष्ण प्रदेशातल्या कामावरून उचललेला होता.

पुलाच्या दुसऱ्या जिन्यासाठी अजून तेच मिश्रण कालवणं चालू होतं. गुरुजींनी त्याचं एक भांडं काठोकाठ भरून तोलायला लावलं.

"आत हवा मुळीच नसती, तर हा माल किती भरला असता?"

"अठ्ठेचाळीस किलो."

भांड्याचं वजन वजा जाता सत्तेचाळीस भरले.

"अठ्ठेचाळिसात एक कमी. म्हणजे शंभरात जेमतेम दोन भाग हवा. पोरी, पाणी गोठलं की फुगतं. बारीक बुडबुडे असले, तर त्याला हातपाय पसरायला जागा मिळते. नसली, तर ते रात्री काँक्रीट फोडून जागा करतं; सकाळी उन्हाने बर्फ वितळला की सुटलेल्या खपल्या कट् करून गळतात. आपल्या उंचीवर हवा विरळ. म्हणून बुडबुडे धरायला मिश्रणात घालतात ते औषध इथे कमी पडतं."

"म्हणजे पूल हवा मागत होता," एलिओदोरो हळूच म्हणाला. "आणि आम्ही..."

तिघांनी पुलाखाली पाहिलं. दारुडा हलत नव्हता.

लिडिया धावली. त्याचा गाल दगडासारखा गार होता. एलिओदोरोने अंगातला जाड लोकरी पोंचो काढून त्याच्यावर घातला. "कालिक्स्तो! ऊठ रे बाबा!" इतके दिवस नाव ठाऊक होतं त्याला!

एक डोळा किलकिला झाला. "चहा आणलास?"

लिडियाने सर्वांदेखत चूक कबूल केली. कठडे पाडून नव्याने, हवा मोजून घालायचं ठरलं.

दुसऱ्या सकाळीही कट् आवाज आला. सगळ्यांनी आधी पुलाखाली पाहिलं. जागा रिकामी होती. कालिक्स्तो एलिओदोरोच्या चुलीपाशी होता.

मुलांनो, आकडा धरून चालू नका, मोजून पाहा. आपण मोजायचं टाळतो, तेव्हा त्याची भरपाई करायला लोक कुणीतरी दुबळा शोधतात.