सतरा नंबरचा चेहरा

आठवड्यात तिसऱ्यांदा मर्डोने तिला दारात अडवलं. "काय पोरी, माझ्या थोबाडाचं काय झालं? पसंत पडलं का कुणाला?"

"अजून आकडे यायचेत," असं म्हणून इश्बेल जिन्याकडे वळली. आकडे आदल्या आठवड्यातच आले होते.

डंडीतल्या विद्यापीठात मानसशास्त्राच्या इमारतीच्या दारावर दरवान म्हणून मर्डोला तेवीस वर्षं झाली होती. इश्बेलचं पीएचडीचं तिसरं वर्ष. अनोळखी चेहरा पाहून माणूस त्याच्यावर भरवसा टाकतो की हात आखडता घेतो, हा तिचा विषय. त्यासाठी तिने चाळीस जणांचे फोटो काढले होते. एक दिवस ठरलेली बाई आलीच नाही, तेव्हा मर्डो टोपी काढून आपणहून खुर्चीत बसला होता. त्याला सतरा नंबर मिळाला.

खेळ साधा होता. पडद्यावर एक चेहरा दिसायचा. तुमच्याकडे दहा गुण. ते त्याला दिले की त्याच्याकडे तीस होणार. मग निम्मे परत करायचे की सगळे गिळायचे, ही त्याची मर्जी. दोनशे बारा जण हा खेळ खेळले. सतरा नंबरला गुण देणारे निघाले एकोणीस. चाळिसांत सगळ्यांत कमी. आणि फोटोच्या दिवशी मर्डोकडूनही घेणाऱ्याच्या बाजूने हा खेळ दहा वेळा खेळून घेतला होता, तेव्हा त्याने दहाही वेळा निम्मे परत केले होते.

प्रोफेसर फार्कर मात्र खूश झाले. "यापेक्षा चांगला पुरावा कुठे मिळणार? लोक चेहऱ्यावरून ठरवतात आणि साफ तोंडावर आपटतात. शुक्रवारच्या परिषदेत याचा फोटो मोठा करून लाव."

"पण तो आपला मर्डो आहे."

"फोटो छापायला त्याची सही आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर."

परिषद खालच्या हॉलमध्ये होती. तिथले तक्ते लावायचे फळे मर्डोच उभे करणार होता. मंगळवार, बुधवार इश्बेल मागच्या सायकलींच्या दाराने आत शिरली. डबा तसाच घरी परत जाऊ लागला. बुधवारी संध्याकाळी तिला आठवलं, खेळ तयार करताना चाचणी म्हणून सगळ्या चेहऱ्यांशी ती स्वतःही खेळली होती. तिने ती जुनी यादी उघडली. सतरा नंबरसमोर तिचं उत्तर होतं: नाही. त्या वेळी ती मर्डोला वर्षभर ओळखत होती. बर्फात रुतलेली तिची गाडी त्याने ढकलून काढली होती.

गुरुवारी सकाळी ती समोरच्या दाराने आली. मर्डो हॉलमध्ये फळे ओढत होता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्याने दिलेले निम्मे गुणही सांगितले, पण ते त्याने ऐकलेसे दिसले नाहीत.

"दोनशे बारांत एकोणीस," तो म्हणाला.

"हो."

"त्या एकोणिसांत तू आहेस का?"

चाचणीचा खेळ मोजणीत धरलाच नव्हता. तसं सांगून सुटता आलं असतं.

"मी वेगळी खेळले होते. पण मीही दिले नव्हते."

"का गं?"

"खरंच माहीत नाही. विचार न करता बटण दाबलं."

मर्डोने हातातला फळा भिंतीला टेकवला. "माझा फोटो लावू नकोस. आणि तुझ्या त्या खेळातूनही काढून टाक मला."

सतरा नंबर वगळला तर निष्कर्ष लंगडा पडतो, हे तिने आधीच करून पाहिलं होतं. पण सहीच्या त्याच कागदावर लिहिलेलं होतं, केव्हाही माघार घेता येईल.

"काढते," ती म्हणाली.

फार्कर भडकले. "एका माणसाच्या रुसव्यापायी तीन वर्षं मातीत घालतेस?"

"रुसवा नाही, हक्क आहे त्याचा."

शुक्रवारी तिच्या फळ्यासमोर लोक दोन मिनिटं थांबत आणि पुढे सरकत. नवे फोटो, नवी माणसं, पुन्हा पहिल्यापासून. काम आठ महिने लांबलं.

ते एक वेळ तिने सोसलं असतं. पण सोमवारपासून मर्डो येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहून हसायला लागला. ओठ ताणून, वरचे दात दाखवून. नवी मुलंही त्याच्याकडे पाहून हसायची. इश्बेल मान खाली घालून आत पळायची. पंधरा दिवसांनी तिला राहवलं नाही.

"मर्डो, असं नका ना करू. तुमच्या चेहऱ्यात काही खोट नाही. चुकलं ते बघणाऱ्यांचं."

"ठाऊक आहे मला. पण हे कामाचं आहे गं. काल एका पोरीने केक आणून दिला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा." बाहेरून कुणीतरी आलं. त्याने दात दाखवले, दार धरलं, माणूस आत गेल्यावर ओठ मिटले. "घरी गेल्यावर गाल दुखतात, एवढंच."

दुसरं कुणी येईपर्यंत ती त्याच्याशेजारी उभी राहिली.