स्तामेनकाकांच्या टेबलावरचा निळा गोंद

मी निळा गोंद बोलतोय. कागद चिकटवायला मला घेऊ नका. माझं काम स्क्रूच्या आट्यांत शिरून त्याला धरून ठेवायचं. माझी बाटली अर्धीच भरलेली असते, म्हणून घेणारे कुरकुरतात. पण हवा लागते तोवरच मी पातळ राहतो. दोन धातूंच्या फटीत हवा संपली की घट्ट होतो. त्यात फसवाफसवी काही नाही.

रिला डोंगरातल्या स्की-नेमबाजांच्या क्लबात मी आलो, तो रायफली दुरुस्त करणाऱ्या स्तामेनकाकांच्या हाती. काकांचा जीव तेलात. बर्फातून आलेली रायफल पुसून तिला तेल दिल्याशिवाय ते जेवायला बसत नसत.

डिसेंबरच्या अखेरीस त्यांनी क्लबातल्या बोयका नावाच्या पोरीच्या रायफलीच्या नळीवर, पुढच्या टोकाला, नेम धरायचं नवं कडं बसवलं. स्क्रूला माझा एक थेंब लावला, पण त्याआधी सवयीने आट्यांवर तेलाचं बोट फिरवलं. तेलकट आट्यांवर मला पकडच घेता येईना. खूप वाईट वाटलं, पण सांगणार कुणाला?

पुढे दोन महिने बोयका चुकत राहिली. शर्यतीआधी नेम जुळवला, तरी स्कीवर पळताना रायफल पाठीवर हिंदकळायची आणि कडं जरासं सरकायचं. राष्ट्रीय संघाच्या निवडीची शेवटची शर्यत तीन दिवसांवर आली, तेव्हा तिने रायफल काकांच्या टेबलावर ठेवली.

"काका, ही दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझा हातच गेलाय."

"हात गेलाय म्हणे. सकाळी ताटातली गरम बानित्सा उचलून खाताना तर बरा चालत होता."

बोलता बोलता काकांनी कड्याला बोट लावलं, आणि ते हललं. त्यांनी स्क्रू काढला. आट्यांवर मी अजून ओलाच होतो. काकांचा चेहरा उतरला. थंडीने सुटला असेल, असं म्हणून ते मोकळे होऊ शकले असते.

"पोरी, तुझा हात शाबूत आहे. माझं तेल आडवं आलं."

"दोन महिने मी रडतेय, काका."

"आता माझ्या नावाने रड. पण उद्या संध्याकाळपर्यंत हिला हात लावू नकोस."

त्यांनी आटे स्पिरिटने तीनदा धुतले. तेलाची बाटली कपाटात कोंडून किल्ली बोयकाला दिली. मग माझा थेंब लावून स्क्रू आवळला आणि स्क्रूवरून कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. स्क्रू फिरला तर रेघ तुटणार. या वेळी मी जीव तोडून धरलं. शनिवारी तिने नेम नव्याने जुळवून घेतला.

रविवारी, मार्च लागला की इथे सगळे शुभ म्हणून बांधतात तो लाल-पांढरा धागा मनगटाला बांधून बोयका धावली. दहातल्या नऊ गोळ्या लागल्या. धापा टाकत आली, ती फलकाकडे न बघता आधी रेघेकडे वाकली. रेघ सरळ होती.

"काका, चुकलेली गोळी माझीच," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"मग ती तूच सुधार," काका म्हणाले आणि नाक पुसायला पाठमोरे झाले. संघात चौघी घ्यायच्या होत्या. ती तिसरी आली होती.

आता मी बाटलीच्या तळाला चार थेंब उरलोय. तेलाच्या कपाटाची किल्ली अजून बोयकाकडेच आहे. काका रोज तिच्याकडून मागून घेतात. माझं एवढंच मागणं आहे: मला लावण्याआधी आटे कोरडे करा. आणि एखादीचा हात गेला असं ठरवण्याआधी स्क्रू एकदा हलवून बघा.