जशीच्या तशी चिठ्ठी

सरकारी कचेरीबाहेरच्या पत्र्याखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या त्या गृहस्थांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे त्यांना अर्जकाका म्हणत. कोणाची पेन्शन अडलेली असो, कोणाच्या नळाला पाणी नसो, माणूस रडतओरडत त्यांच्यापुढे येऊन बसायचा आणि पंधरा मिनिटांत त्याच्या रडण्याचा ‘सविनय अर्ज’ होऊन हातात पडायचा. शिव्या गाळायच्या, आसवं पुसायची, खाली ‘आपला विश्वासू’ लिहायचं. या कामात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता.

आता असा माणूस चर्चला लाभल्यावर मंडळी त्याला मोकळा थोडीच सोडणार? चर्चच्या दाराशी एक लाकडी विनंतीपेटी होती. ज्याला प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी लिहून तिच्यात टाकायची. शनिवारी अर्जकाका चिठ्ठ्या घरी नेत, टाइप करत आणि रविवारी सर्वांसमोर वाचत. बावीस वर्षं हे चाललं होतं. चिठ्ठीत ‘सासू फार छळते’ असलं की काका वाचायचे, ‘एका गृहातील परस्पर सामंजस्यासाठी.’ ‘धाकट्याने पुन्हा चोरी केली’ असलं की ‘एका युवकाला योग्य मार्गदर्शन लाभावे म्हणून.’ नाव तर सोडाच, दुःखसुद्धा ओळखू येत नसे. वर प्रत्येक विनंतीच्या शेवटी ‘तुझ्या इच्छेस आल्यास’ हे ठरलेलं. म्हणजे मागितलेलं मिळालं नाही तरी देवाची अडचण नको आणि आपलीही पंचाईत नको!

पाळकसाहेब हसून म्हणत, “काका, तुमच्या प्रार्थनेला कडक इस्त्री केलेली असते.” काकांना ते कौतुक वाटायचं.

त्या शनिवारी मात्र टाइपरायटरवर कागद चढवून काका तासभर नुसते बसून होते. त्यांचा एकुलता एक मुलगा वायरमन होता. हाताचा कुशल, बोलायला लाघवी, आणि नऊ वर्षं दारूच्या पूर्ण आहारी गेलेला. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवून सांगितलं होतं, “आज थांबला तर वाचेल. नाही थांबला तर सहा महिन्यांपुढचं मी काही सांगू शकत नाही.” मुलाने ते मान खाली घालून ऐकलं, घरी आला आणि खोलीची आतून कडी लावून घेतली. काकू सकाळपासून त्या बंद दाराशी ताट घेऊन बसल्या होत्या. ताटातलं जेवण दोनदा गरम करून झालं होतं.

“अहो,” काकू तिथूनच म्हणाल्या, “उद्या त्याच्यासाठी प्रार्थना कराल ना?”

“दर रविवारी करतोच की.”

“काय म्हणता?”

काका घुटमळले. “म्हणतो, ‘एका तरुणाच्या आरोग्यासाठी.’”

“एका तरुणाच्या?” काकूंचा आवाज फुटला. “अहो, आपला आहे तो!”

नऊ वर्षांत काकांनी काय नाही केलं? समजावलं, शपथा घातल्या, कामावरून आणायला गेले, खोलीतल्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. सगळे उपाय थकले. जगाचे अर्ज लिहिणाऱ्या माणसाला स्वतःसाठी एक ओळ लिहिता येत नव्हती. त्यांनी कागद काढला, चुरगळला, दुसरा चढवला आणि त्यावर पुन्हा तेच नेहमीचं टाइप केलं.

दुपारी शिवणताई पडदे शिवून घेऊन आली. पलीकडच्या गल्लीत मशीन चालवणारी ही बाई, बोलायला जरा फटकळ, पण चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर गप्प बसणारी. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. तिने बंद दार पाहिलं, काकूंचं ताट पाहिलं, आणि विचारण्यासारखं काही उरलं नाही.

“भाऊ, उद्यासाठी हे काय लिहिलंय?” तिने टाइपरायटरवरचा कागद वाकून वाचला. “‘एका तरुणाच्या...’ हं. तुम्ही काही बदलला नाहीत बघा.”

“म्हणजे?”

शिवणताई पडदे मांडीवर घेऊन खुर्चीत टेकली. “मी चिठ्ठ्या टाकायचे, आठवतं? मी लिहायचे, ‘देवा, माझा नवरा पिऊन मरायला टेकलाय, मला एकटीला आवरत नाही, कोणाला तरी पाठव.’ आणि तुम्ही वाचायचात, ‘एका कुटुंबाच्या सुखशांतीसाठी.’ चौदा महिने! मी बाकावर बसून वाट बघायचे, आता कोणीतरी वळून माझ्याकडे बघेल. पण वळणार कसं? सुखशांती कोणाला नको असते?”

काका पांढरेफटक पडले.

“मातीच्या दिवशी सगळे आले. म्हणाले, ‘अगं, आधी सांगितलं असतंस तर!’ मी सांगितलंच होतं, भाऊ. चौदा महिने सांगत होते.”

“मी... तुझी लाज राखावी म्हणून...”

“माझी की चर्चची?”

काकांनी टाइपरायटरवरचा कागद ओढून काढला. मग काका हळू आवाजात म्हणाले, “पण देवाला तर सगळं कळतं ना. शब्द कसे का असेनात.”

“त्याला कळतं हो. आपण खरं बोलतो का, हा प्रश्न आहे. पोर पडलं की रडत येतं आणि आईचा हात ओढतं. ‘आपल्या सोयीनुसार लक्ष द्यावे’ असं म्हणतं का? ते उद्धट नसतं. आपली आई आहे, एवढा त्याला भरवसा असतो. परक्या साहेबापुढे माणूस अर्ज करतो, भाऊ. आणि तुम्ही त्याला ‘बाप’ म्हणता.”

“आणि त्याने ऐकलंच नाही तर?” काकांच्या तोंडून निसटलं. बावीस वर्षं सगळ्या सुबक शब्दांखाली हीच भीती दबा धरून बसली होती.

शिवणताईने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. “माझं ऐकलं की नाही, मला अजून कळलेलं नाही. त्यावरून मी त्याच्याशी रोज भांडते. पण भांडायला तरी तो आहे मला.”

रविवारी काका वाचायला उभे राहिले. बाकीच्या विनंत्या वाचून झाल्या. शेवटचा कागद कोरा होता. त्यांनी चष्मा काढला, आणि चर्चमधल्या लोकांनी बावीस वर्षांत प्रथमच त्यांचा आवाज कापताना ऐकला.

“देवा, माझा मुलगा दारू पितो. नऊ वर्षं पितोय. डॉक्टर म्हणतात तो मरेल. आम्ही दोघं म्हातारी माणसं त्याच्या दाराबाहेर बसून आहोत आणि आमच्या हातात काही उरलेलं नाही. मला तो जिवंत हवा आहे! शेवटी होईल ते तुझ्याच इच्छेने होईल, पण आज माझी इच्छा तुला ऐकावी लागेल. बापा, मला माझा मुलगा हवा आहे! आणि शिवणताईच्या चिठ्ठ्या मी बदलल्या. तिने मदत मागितली होती, मी ती पुसून टाकली. मला क्षमा कर.”

एकही मान डोलली नाही. काकांना वाटलं, झालं, चार लोकांत घराची अब्रू गेली.

“आमेन!” तिसऱ्या बाकावरून शिवणताईचा खणखणीत आवाज आला.

मग अगदी मागून अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर उभा राहिला. मोठा धिप्पाड माणूस, पण टोपी हातात चुरगाळत होता. “काका, मीपण प्यायचो. सोडून सहा वर्षं झाली. इथं कोणाला ठाऊक नाही. मी येऊ का तुमच्या घरी?”

दर रविवारी तो तिथेच बसत होता! काका साऱ्या चर्चसमोर ‘एका तरुणाच्या आरोग्यासाठी’ वाचत होते आणि ज्याला वाट माहीत होती तो माणूस शेवटच्या बाकावर मान डोलवत होता.

दुपारी ड्रायव्हर त्या बंद दाराशी भिंतीला टेकून बसला. काका दारासमोर गुडघ्यावर आले आणि सकाळचे तेच शब्द पुन्हा मोठ्याने बोलले, रडत, मधेच अडखळत.

आतून क्षीण आवाज आला. “बाबा, हे चर्चमध्ये म्हणालात? सगळ्यांसमोर?”

“हो.”

“मला वाटायचं, तुम्हाला माझी लाज वाटते.”

“वाटायची रे. चुकलं माझं.”

पुष्कळ वेळाने कडी निघाली. मुलगा चौकट धरून उभा होता. “बाबा, मला थांबता येत नाही.”

“एकट्याला नाहीच येत,” ड्रायव्हर उठत म्हणाला. “मलाही आलं नव्हतं. चल, दवाखान्यात जाऊ. मी रात्रभर थांबेन.”

तो वाचला का, असं तुम्ही विचाराल. अजून वॉर्डात आहे. काही दिवस बरे जातात, काही फार वाईट. काका रोज देवाशी भांडतात, आणि काकू रोज गरम डबा नेतात. पण मित्रहो, एवढं मात्र खरं, की आपण आपली दुःखं इस्त्री करून देवापुढे ठेवतो तेव्हा देवाला फसवत नाही, शेजाऱ्याला फसवतो. शेजारच्या बाकावर मदतीचा हात असतो, त्याला कळतच नाही. देवाला बाप म्हणत असाल, तर बापाशी बोलतात तसं बोला. धीटपणे मागा, खरं मागा, आणि मागितलेलं मिळेपर्यंत दार सोडू नका.

त्या रविवारपासून विनंतीपेटीतल्या चिठ्ठ्या टाइप होत नाहीत. ज्याला नाव नको त्याचं नाव घेत नाहीत, पण बाकी अक्षर न् अक्षर तसंच. परवा काकूंनी दवाखान्यातून एक चिठ्ठी आणून पेटीत टाकली. औषधाच्या कागदामागे वाकडंतिकडं लिहिलेली, खाली मुलाचं पूर्ण नाव.

‘मला भीती वाटते. मला जगायचंय. माझ्यासाठी बोला.’

अर्जकाकांनी ती जशीच्या तशी वाचली, आणि सगळं चर्च उभं राहिलं.